हुओ-वांगची पाठ

पत्रिकेत अग्नी कमी निघाला
म्हणून ज्योतिषाने नाव सुचवलं हुओ-वांग,
भडकलेली आग.
बूदाईच्या बंदरात अशी नावं अजून ऐकू येतात.
ज्याला पाणी कमी, त्याचं नाव पाण्याचं,
ज्याला लाकूड कमी, त्याचं लाकडाचं.
माझ्या नवऱ्याला त्याची आग मिळाली
ती अडुसष्टाव्या वर्षी, कातडीखाली.

पुरळ नाही, गांध नाही, डासाची खूण नाही.
नुसती खाज.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
यंत्र चार तास रक्त धुऊन देतं,
आणि धुवायचं जे राहून जातं
ते रात्री दोनला पाठीवर चालायला लागतं.

"जरा वर. अंहं, डावीकडे. आता खाली."

बांबूची खाजवणी मोडली,
कंगवा झाला, दाराची चौकट झाली,
म्हैस घासते तसा घासायचा.
शेवटी म्हणाला, तुझा हातच बरा.
पंचेचाळीस वर्षं कालवं फोडून
माझ्या तळव्याची कानस झालीय.
लग्नाच्या फोटोत हाच हात मी
फुलांखाली लपवलाय.

डाव्या दंडाला मात्र हात लावायचा नाही.
तिथे शीर आणि धमनी जोडलीय,
बोट टेकवलं की आत मांजर घुरघुरतं.
तिथली खाज तो
उजवी मूठ आवळून सोसायचा.

तीन वर्षं कुणाला बोलला नाही.
मी म्हणायचे, सांग की डॉक्टरला.
तो म्हणायचा, शेजारच्या खाटेवरच्या
लिन आजीचा पाय कापला,
आणि मी खाज सांगू?
खाजेनं कोण मरतं?

सांगितलं ते उशीच्या अभ्र्याने.
पेइ-लिंग, नवी नर्स, नातीच्या वयाची,
तिने रक्ताचे ठिपके पाहिले आणि विचारलं,
शून्य ते दहा, किती?
"कालवं आहेत का मोजायला," तो पुटपुटला.
मग माझ्याकडे न बघता,
"नऊ."
आणि ढसाढसा रडला.
आई गेली तेव्हा रडला नव्हता,
नऊवर रडला.

मग सुरू झालं.
जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर चघळायची गोळी,
शेवटच्या घासानंतर नाही, मी टपून बसते.
आंघोळ कोमट, साबण बंद,
अंग ओलं असतानाच मलम, पाव डबा एका वेळी.
यंत्रावरून उतरला की एक छोटी कॅप्सूल,
छोटीच, कारण मूत्रपिंडं निजलेली असली की
औषध अंगात मुक्काम ठोकतं.
पहिला आठवडा तो घरभर
होडीत उभा असल्यासारखा चालला.
डोस आणखी कमी केला.

आणि तो दिवा!
चाळीस वर्षं उघड्या पाठीने
तराफ्यांवर उन्हात उभा राहिलेला माणूस
तासभर बसने चियायीला जाऊन,
काळा चष्मा लावून, नागडा,
जांभळ्या नळ्यांच्या कपाटात
अर्धा मिनिट उभा राहतो.
मी हसले. तोही हसला.
हसता हसता खाजवलं.

सात आठवड्यांनी पेइ-लिंगने पुन्हा विचारलं.
चार.
शून्य नाही. चार.
पण चारात झोप येते.

काल दोनला मला जाग आली, सवयीने.
तो कुशीवर, पाठ माझ्याकडे, सदरा वर सरकलेला.
जुने ओरखडे पांढरे पडलेत,
मिठागर बंद झाल्यावर
वाफ्यांच्या रेघा उरल्या होत्या तसे.
बाहेर कुणाच्या तरी होडीचं इंजिन
दोनदा खोकून सुरू झालं.
हात निघाला होता माझा. वीतभर अलीकडे थांबला.
कशाला उठवायचं.

हात उशीखाली घातला.
तिथेही शिवशिवत राहिला.
मला कुणी विचारणार नाही.
विचारलंच तर
दोन म्हणेन.
फार तर तीन.